ओळखीचं माणूस

कोल्हापूर,
८ जानेवारी २०२५

इरा,

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मग पत्र कशाला लिहिलं असतं? मी घाबरलेय, तूही जरा घाबर. आणि हे वाचून झालं की मला फोन करू नकोस. मेसेज नको, 'पोचलं' एवढंसुद्धा नको. उत्तर लिहून केरबामामांच्या हातात दे. आमच्या गल्लीतले केरबामामा बेळगावची भाजी इथल्या मार्केट यार्डात आणतात, टेम्पो घेऊन ते तुझ्या शाळेच्या फाटकाशी येतील. पाकिटात ब्लाउजची मापं आहेत असं मी त्यांना सांगितलंय.

सबिनाचं सांगते. ती फुटबॉल खेळते हे तुला माहीत आहे. नववीत आहे, आणि डिसेंबरात जिल्ह्याच्या मुलींच्या संघात तिची निवड झाली. आमच्या पेठेत पोरगं पहिली दाढी करून आलं तरी फ्लेक्स लागतो, मग हिचा लागणारच की! तालमीच्या पोरांनी चौकात हा एवढा मोठा फ्लेक्स लावला. वर सबिनाचा फोटो, नाव, शाळा, वर्ग. खाली शुभेच्छुक म्हणून सबिनाच्या अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि मोबाइल नंबर. नंबर माझा, कारण त्यांचे हात कायम ग्रीसचे. त्या फ्लेक्सचा फोटो पुढे कुठकुठल्या ग्रुपवर फिरला ते अल्लालाच ठाऊक.

मग एक फोन आला. बाईचा आवाज, अगदी गोड. बेंगळुरूच्या फुटबॉल अकादमीची कोच म्हणे. मी हरखून गेले, पावण्यांशी बोलतात तसे दोन-चार शब्द बोलले. त्यानंतर ती मॅडम सबिनाशी रोज बोलायला लागली. व्यायाम सांगायची, कॅमेऱ्यासमोर करून दाखव म्हणायची. वेळापत्रकासाठी म्हणून तिने एक ॲप पाठवलं, ते सबिनाने माझ्याच फोनवर घेतलं. मी शेजारी बसून ब्लाउजांना काज-बटणं करत होते इरा, माझ्या डोळ्यांदेखत हे सगळं चाललं होतं.

परवा सबिना जेवेना. मला मागच्या न्हाणीत घेऊन गेली, नळ सोडला आणि हळूच म्हणाली, "अम्मी, ती मॅडम न्हाय. कोण तरी बाप्या हाय." त्याने हिचा चेहरा घेतलाय आणि खाली दुसरंच काहीतरी घाणेरडं जोडलंय. म्हणतो, सांगेन ते केलं नाहीस तर तालमीच्या ग्रुपवर टाकतो. आणि आम्ही आज घरात जे बोलतो ते तो उद्या तिला परत ऐकवतो. फोन बंद केला तर त्याला कळेल, म्हणून चालूच ठेवलाय, पिठाच्या डब्यात, वर गोधडी टाकून. आपल्याच घरात आम्ही कुजबुजतो.

तू मास्तरीण आहेस, काय करू ते सांग. सबिनाच्या अब्बांना अजून सांगितलेलं नाही. कळलं तर बूट चुलीत जातील आणि पोरगी घरात बसेल.

तुझी
नजीरा


बेळगाव,
१० जानेवारी

प्रिय नजीरा,

मापं पोचली. केरबामामांनी पाकीट देताना विचारलं, "बाई, ब्लाऊज कवा लागतंय?" मी गडबडून सोमवारी म्हणाले.

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं. पुढच्या तासाला सातवीला काय शिकवलं ते मला आठवत नाही. पण आपण दोघींनी हातपाय गाळून कसं चालेल? काही पुसू नकोस, एकही मेसेज नाही. सबिनाने आता त्याला स्वतःहून काही लिहायचं नाही. तिला अजिबात रागावू नकोस, तिची काही चूक नाही हे तिला येता-जाता सांगत राहा. शमशुद्दीनभावजींना आजच सांग, आणि त्यांच्यासोबत पोलिसांकडे जा. मी शाळेच्या फोनवरून १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, नाव न सांगता विचारलं. त्यांनीही हेच सांगितलं.

तू म्हणशील, सांगायला काय जातंय. खरं आहे. पण शाळेत मी अशी प्रकरणं थोडीफार पाहिली आहेत. मुलांशी मोकळेपणाने बोलत राहिलं की गोष्टी या थराला जात नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे. आमच्या उन्मेषचंच बघ. पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे तुमच्याकडची अकरावी, परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे सध्या जेवण कमी आणि खोलीचं दार बंद. त्र्यंबकही बदली होऊन हुबळीला, शनिवारचेच येतात. पण मोबाइलच्या बाबतीत मला त्याची काळजी नाही. आम्ही दोघं सगळं बोलतो.

लगेच लिही. ब्लाउजचं कापड म्हणून काहीही पाठव.

तुझी
इरावती


कोल्हापूर,
१२ जानेवारी

इरा,

तुझं ते मोकळेपणाने बोलण्याचं वाक्य वाचलं आणि पत्र सुयांच्या डब्याखाली सरकवून दिलं. दुपारी परत काढलं, कारण दुसरं आहे कोण मला? पण असं पुन्हा लिहिलंस तर बेळगावला येऊन झिंज्या उपटीन.

सबिनाच्या अब्बांना सांगितलं. ते तसेच उठले. दुकानातली पक्कड घेतली आणि तरातरा चौकात गेले. माझा जीव गेला, म्हटलं आता कुणाचं डोकं फोडतात. त्यांनी शिडी मागितली आणि फ्लेक्सच्या तारा तोडून तो खाली घेतला. पोरं धावली, "चाचा, काय झालं? मंडळाचा फ्लेक्स हाय की त्यो!" हे म्हणाले, "फ्लेक्स मंडळाचा आसल, तोंड माझ्या पोरीचं हाय." घरी येऊन सबिनाला एवढंच विचारलं, "बूट कुठं हाईत? प्रॅक्टिस चुकवू नगंस." वीस वर्षं या माणसाला मी उगीच भीत आले.

मग दोघं पोलिसांत गेलो. तिथल्या माणसाने तो नंबर पाहिला, कुठेतरी विचारलं आणि म्हणाला, "ह्यो नंबर कर्नाटकात चाललाय. बेळगावला जाऊन तक्रार द्या." म्हणजे पोरगी इथली, भीती इथली, आणि तक्रार मात्र बेळगावची.

आता खरी गोष्ट. काल त्याचा मेसेज आला. रविवारी १९ तारखेला बेळगावला ट्रायल आहे, सकाळच्या एसटीने एकटीने यायचं, घरी मैत्रिणीकडे जाते म्हणायचं. नाही आलीस तर दुपारपर्यंत फोटो सगळीकडे. आणि शेवटी लिहिलंय, 'स्टँडवर घ्यायला तुझ्या ओळखीचं माणूस येईल.'

ओळखीचं, इरा! कोण ओळखीचं? तेव्हापासून मी गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाकडे बघतेय. दूधवाला, शाळेचा रिक्षावाला, तालमीतली पोरं, सबिनाचे सख्खे काका. हे पत्र द्यायला गेले तेव्हा केरबामामांच्या तोंडाकडेही बघत उभी राहिले. त्यांनी विचारलं, "काय गं पोरी, बरं न्हाय व्हय?" लाज वाटली मला. तरी बघितलंच.

नजीरा


बेळगाव,
१४ जानेवारी

प्रिय नजीरा,

पिशवीत तिळगूळ आहे, सबिनाला दे. झिंज्या उपटायला खुशाल ये, आता फारशा उरल्या नाहीत.

काल इथल्या पोलीस ठाण्यात गेले होते. पहिल्यांदा तेच उत्तर, फक्त कन्नडमध्ये. मुलगी महाराष्ट्रातली, गुन्हा तिकडचा, तिकडे जा. मी बाकावर बसून राहिले. पंचवीस वर्षं पोरांना 'उत्तर आल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही' म्हणून दटावलं, ते कधीतरी उपयोगी पडावं. शेवटी महादेवी नावाच्या सब-इन्स्पेक्टर आल्या. कलबुर्गीकडच्या आहेत, मराठीचं एक अक्षर येत नाही. त्यांनी विचारलं, मुलगी कुणाची? मी म्हटलं, "नम्म हुडुगी." आमची मुलगी. त्या खुर्ची ओढून बसल्या.

त्यांचं म्हणणं असं की तक्रार कुठल्याही ठाण्यात घेता येते, गुन्हा कुठे का घडेना. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. तू कोल्हापुरात पुन्हा जा, वरच्या साहेबांना भेट, बाई अधिकारी माग. तिथे नोंद झाली की इथलं मी बघते म्हणाल्या. रविवारच्या आत हे झालं पाहिजे. त्यांनी आणखी एक सांगितलं. असा माणूस एका मुलावर थांबत नाही. एका मुलाला धरून दुसऱ्याकडे पोचतो.

उन्मेषचा स्वभाव बघ कसा आहे. काल आपणहून विचारत होता, सबिना रविवारी येणार आहे का गं? मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, माझ्या पर्समधलं तुझं पत्र वाचलं असणार. मी रागावले नाही. काळजी वाटली असेल त्याला. रात्री जेवताना पुन्हा विचारलं.

सबिनाला एकटं सोडू नकोस, न्हाणीतसुद्धा.

तुझी
इरावती


कोल्हापूर,
१७ जानेवारी

इरा,

घाईत लिहितेय, मामा हॉर्न वाजवतायत.

तक्रार नोंदली. राजनंदिनी म्हणून सब-इन्स्पेक्टर आहेत, तिशीच्या असतील, आवाज असा की रंकाळ्यावरून हाक मारली तर पन्हाळ्यावर ओ यावी. त्या म्हणाल्या, "कुठं घडलं ते मागनं बघू. पोरगी आमची हाय." मला तिथेच रडू कोसळलं. त्यांनी महादेवी मॅडमना फोन लावला. इकडून हिंदी, तिकडून हिंदी, दोघींचीही मोडकी. राजनंदिनी मॅडमनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "आमचं कन्नड 'ऊटा आयता', जेवलात का, याच्या फुडं जात न्हाय. तुमच्या मैत्रिणीला रविवारी मधी बसवा."

ठरलंय ते असं. सबिना जाणार नाही. तिच्याएवढ्या चणीची एक शिपाई मुलगी तिची टोपी आणि जर्सी घालून एसटीतून उतरेल. फोनवर सबिनाच्या नावाने आता पोलीसच उत्तरं देतायत. दोन्हीकडची माणसं साध्या कपड्यांत स्टँडवर असतील. घ्यायला जो येईल त्याला लगेच धरायचं नाही, तो कुणाकडे नेतो ते बघायचं. तू दोघी मॅडमच्या मध्ये बसून हिचं तिला आणि तिचं हिला सांगायचं.

घरात कुणाला म्हणजे कुणालाही बोलायचं नाही. उन्मेषलाही नको, असं मॅडमनी बजावलंय.

सबिना म्हणते, "मीच जाते की. मला बघून तरी त्यो फुडं येईल." हात उगारला होता मी. मग तशीच जवळ घेतली.

नजीरा


बेळगाव,
२० जानेवारी

नजीरा,

राजनंदिनी मॅडमनी तुला काल थोडंफार सांगितलं असेल. सगळं नसेल सांगितलं. मीच सांगते म्हणाले त्यांना.

स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात आम्ही तिघी बसलो होतो. मी मध्ये. एसटी आली, ती मुलगी उतरली. टोपी, पाठीवर बॅग, हुबेहूब सबिना. खांबाशी जाऊन उभी राहिली. मग राजनंदिनी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "निळा शर्ट, उजवीकडनं यायलाय. पोरगंच दिसतंय." मी ते कन्नडमध्ये महादेवींना सांगितलं. निळा शर्ट, उजवीकडून, मुलगा आहे. शब्दन् शब्द नीट सांगितला. आणि सांगून झाल्यावर मी तिकडे बघितलं.

तो शर्ट सकाळी मीच इस्त्री करून दिला होता. क्लासला जातो म्हणाला होता.

मला गप्प बसायचं होतं, नजीरा. तो कुणाकडे नेतो ते बघायचं, हे तू लिहिलं होतंस, मॅडमनी सकाळी दोनदा सांगितलं होतं. दोन राज्यांची माणसं त्यासाठी तिथे उभी होती. आणि मी जागेवरून उठून किंचाळले. उन्मेष! एवढंच. अख्खा स्टँड वळून बघायला लागला. रस्त्यापलीकडे एक पांढरी गाडी उभी होती, ती निघाली आणि गर्दीत गेली. महादेवींची माणसं धावली, पण रविवारचा बाजार, पुढे दोन बस आडव्या. गेली.

उन्मेष तिथेच उभा होता. त्याची पँट ओली झाली होती. सोळा वर्षांचा आहे तो. मी जवळ गेले तर मागे सरकला. मला म्हणाला, "आई, मी तिला परत पाठवणार होतो." त्यानंतर आजपर्यंत एक शब्द नाही.

खरंच परत पाठवणार होता का? मला माहीत नाही. खरं असावं असं मला वाटतं, पण मी त्याची आई आहे, माझ्या वाटण्याला काय अर्थ? त्या माणसाने त्याचंही सबिनासारखंच केलं होतं, एवढं त्याच्या फोनवरून कळलं. आधी कोच, मग चेहरा, मग धमकी. गेला महिनाभर दाराआड अभ्यास चाललाय म्हणून मी दूध नेऊन देत होते.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. याच्यापर्यंत तो पोचला कसा? आमच्याकडे फ्लेक्स नाही, काही नाही. त्याचा नंबर मी शाळेतसुद्धा कुणाला देत नाही. तुला काही सुचतंय का?

सबिनाला काय सांगणार आहेस? माझ्या मुलाचं नाव सांगणार आहेस?

इरावती


बेळगाव,
२४ जानेवारी

नजीरा,

केरबामामा दोनदा आले आणि दोनदा रिकाम्या हाताने. आज विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "दिलं न्हाय तिनं काय."

उन्मेषवर रागावली असशील तर तसं लिही. शिव्या दे, मी वाचीन. पण गप्प बसू नकोस, या घरात आधीच कुणी बोलत नाही. त्र्यंबक रजा टाकून आलेत आणि मुलाच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतात. दाराची कडी आम्ही काढून टाकली आहे. बाथरूममध्ये त्याला जरा वेळ लागला तरी मी दार वाजवते आणि काहीतरी कारण सांगते, टॉवेल आहे का, पाणी गरम आहे का.

तो माणूस मोकळा आहे. महादेवी म्हणतात, त्याला प्रत्यक्ष पाहिलेला एकच जण आहे आणि तो बोलत नाही. जबरदस्ती करून चालणार नाही म्हणतात. तोवर तो आणखी कुणाला मेसेज करत असेल.

इरा


कोल्हापूर,
२६ जानेवारी

इरा,

रागावले नाही. तोंड दाखवायची सोय उरली नाही म्हणून गप्प होते.

उन्मेषचा नंबर मी दिला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, पावण्यांशी बोलतात तसे दोन-चार शब्द बोलले. ते दोन-चार नव्हते. तुला माहीत आहे आपल्याकडचं. माणूस दारात आलं की आधी ओळख काढायची, कुठलं गाव, कुणाचे कोण, आमच्या अमक्याला ओळखता का. ओळख निघाल्याशिवाय आपल्याला चहा गोड लागत नाही. त्या गोड आवाजाने विचारलं, बेळगावकडे कुणी आहे का हो तुमचं? आणि मी सुटले. आहे की! आमची इरावती आहे, सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची, शाळेत शिकवते, नवरा हुबळीला, घरी ती आणि मुलगाच. मुलगा गोलकीपर आहे, गुणी आहे, पण फार लाजतो. त्यालाही बघा की मॅडम. थांबा, नंबर देते.

मला पाठ होता, इरा. पाठ होता म्हणून दिला.

'ओळखीचं माणूस येईल' असं त्याने लिहिलं तेव्हा मी सगळ्या गल्लीवर संशय घेतला, पण ही ओळख मीच करून दिलीय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तुझं पत्र वाचताना आलं. त्या 'तुला काही सुचतंय का' या ओळीपाशी. राजनंदिनी मॅडमना मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं. तुला सांगायला आठवडा लागला.

सबिनाला सगळं सांगितलंय, उन्मेषचं नावही. ती थोडा वेळ बूट पुसत बसली. मग वहीचं पान फाडून लिहायला लागली. सोबत ठेवलंय. मी वाचलेलं नाही, तूही वाचू नकोस. नुसतं त्याच्या उशाशी ठेव.

मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

नजीरा


बेळगाव,
४ फेब्रुवारी

नजीरा,

सबिनाचं पान उन्मेषने दिवसभर खिशात ठेवलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात आला आणि माझ्यासमोर धरलं, वाच म्हणाला. म्हणून वाचलं. तुझ्या मुलीने लिहिलंय, 'उन्मेषदादा, तो मलापण म्हणालावता की तुझ्या घरच्यांना कळलं तर ते तुला टाकून देतील. मी अम्मीला सांगितलं. तिनं टाकलं न्हाय. नुसती लय रडती. तू सांग. सांगितल्यावर भीती जात न्हाय पण पोटात दुखायचं थांबतंय.'

त्याने दुसऱ्या दिवशी महादेवींना सगळं सांगितलं. त्यांनी मला बाहेर बसवलं, तुमची गरज लागणार नाही म्हणाल्या, कन्नड येतं त्याला. त्याने चेहरा सांगितला, गाडी सांगितली. गाडीचा नंबर गोव्याचा होता. मग बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा, तिन्हीकडच्या पोलिसांची दोन दिवस फोनाफोनी चालली आणि परवा सकाळी त्याला तिकडे राहत्या फ्लॅटमधून उचललं. एकटाच होता. बाईचा आवाज एका ॲपमधून काढायचा. त्याच्याकडे बरीच मुलं आहेत, नजीरा. चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, सावंतवाडी. आता राजनंदिनी आणि महादेवी रोज एकमेकींना फोन करतात आणि साध्या साडीत त्या त्या घरी जातात. काही घरांत दार लावून घेतात म्हणे, आमच्याकडे असलं काही नाही म्हणून.

तुझं पत्र वाचून मला फार राग आला. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. दुसऱ्या पत्रात असं काही लिहिलं होतं की ते तुझ्यापर्यंत पोचलं असतं तर आपलं कायमचं संपलं असतं. राग अजून पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण त्याच रात्री मी उन्मेषला विचारलं, अरे, आपण तर सगळं बोलतो ना? मग मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तू सगळ्यांना सांगायचीस, आमचा उन्मेष माझ्यापासून काही लपवत नाही. मग मी कसं सांगणार होतो?"

तू नंबर दिलास. मी हे दिलं. आता तू शिव्या मागू नकोस आणि मीही मागत नाही.

त्याला जेवताना थोडी भूक लागते हल्ली.

तुझी
इरा


कोल्हापूर,
२४ फेब्रुवारी

इरा,

नवीन फोन घेतलाय, पण तुला पत्रच लिहावंसं वाटलं. काल सबिनाची मॅच होती. राजनंदिनी मॅडम म्हणतात तो आत आहे, जामीन सहजासहजी मिळणार नाही. मी विचारलं, आणि फोटो? त्या खरं बोलणाऱ्या बाई आहेत. म्हणाल्या, "सापडले तेवढे काढलेत. कुणाकडं गेले आसतील ते मला सांगता येत न्हाय." मी म्हटलं मग हिला खेळवू नये. सबिनाचे अब्बा म्हणाले, खेळणार. सबिना म्हणाली, खेळणार. माझं कुणी ऐकलं नाही.

मैदान गच्च भरलं होतं. मुलींच्या मॅचला एवढी माणसं आमच्याकडेच येतात. शिट्टी झाली आणि सगळ्यांनी फोन वर काढले. नुसते हात आणि फोन, इरा. त्यातला कोण मॅच घेतोय आणि कोण काय घेतोय, कसं कळणार? कुणी फोनकडे बघून हसला की वाटायचं, त्याच्याकडे ते आलंय. कुणी शेजाऱ्याला स्क्रीन दाखवली की मी तिकडे सरकायचे. एका पोराच्या मागे जाऊन मी त्याच्या खांद्यावरून डोकावले. क्रिकेटचा स्कोअर बघत होता बिचारा. "काय पाहिजे मावशी?" म्हणाला.

मी मैदानाकडे पाठ केली आणि कठड्याला टेकून माणसांकडे तोंड करून उभी राहिले. शेवटपर्यंत तशीच. शेजारच्या बायका म्हणाल्या, अगं वळ की, पोरगी कशी पळतेय बघ. मला वळता आलं नाही. मध्येच सगळी माणसं एकदम उठली, ओरडली, टोप्या उडाल्या, आणि सबिनाचं नाव घ्यायला लागली. त्यावरून कळलं की गोल तिनं मारला.

घरी येताना स्कूटरवर मागे बसून ती माझ्या कानात ओरडत होती, "अम्मी, बघितलास न्हवं? डाव्या पायानं मारला! बघितलास न्हवं?"

बघितला म्हणाले. आपण दोघींनी आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून तुला सांगितलं. तिला सांगू नकोस.

तुझी
नजीरा